खुळखुळ्यावरचा पतंग

चैत्र-वैशाखात ज्या माळावर अनवाणी पाऊल टाकवत नाही, तोच माळ भाद्रपदात ओळखू येत नाही. कुसळी, पवना, मारवेल यांसारखी गवते गुडघ्याएवढी वाढलेली असतात. मधूनमधून कुर्डूचे गुलाबी तुरे डोलत असतात. आणि या हिरव्या पसाऱ्यात जागोजाग पिवळ्या फुलांचे झुबके घेऊन खुळखुळ्याची झुडुपे उभी असतात. अशा माळावरून सकाळी चालत जावे. पायाचा धक्का गवताला लागताच एखादा पांढुरका कपटा उडाल्याचा भास होतो. तो दहा-बारा पावलांवर जातो, डगमगतो आणि पुन्हा गवतात बुडून नाहीसा होतो. वाऱ्याने उडालेला कागद म्हणावा, तर वारा नसतो. फुलपाखरू म्हणावे, तर ते असे चोरासारखे गवतात शिरत नाही.

तो जेथे उतरला, तेथे हलक्या पावलांनी जावे आणि उकिडवे बसून एकेक काडी न्याहाळावी. एखाद्या काडीला बिलगून बसलेली, बोटाच्या दीड पेराएवढी लांब अशी एक सुरळी दृष्टीस पडेल. दुधाच्या सायीसारखा तिचा रंग. त्यावर कुंकवाची बोटे उमटवावीत तसे लाल ठिपके आणि त्या लाल ठिपक्यांच्या मधून कोणी काजळाची तीट लावावी तसे बारीक काळे ठिपके. हे ठिपके कसेतरी विखुरलेले नसतात. आडव्या ओळींनी, जणू मोजून मांडलेले असतात. पंख अंगाभोवती घट्ट गुंडाळून बसण्याची या प्राण्याची रीत आहे, म्हणून तो सुरळीसारखा दिसतो. तो उडाला, की मागच्या पंखांची जोडी उघडी पडते. ती शुभ्र असते आणि तिच्या कडेला शाईच्या फराट्यासारखी वेडीवाकडी काळी किनार असते. पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर साधारणपणे तीन ते चार सेंटिमीटर भरते.

हे फुलपाखरू नव्हे, हा पतंग आहे. आपल्या भाषेत ‘पतंग’ हा शब्द उच्चारताच दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात : संक्रांतीच्या सुमारास आकाशात चढणारा कागदी पतंग, आणि दिव्यावर झेप घेऊन प्राण देणारा, कवींच्या उपमेतला पतंग. उपमेतल्या या पतंगाला कवींनी जळण्यापलीकडे काही काम ठेवलेले नाही. वस्तुतः आपल्या देशात फुलपाखरांच्या सुमारे तेराशे जाती आहेत, तर पतंगांच्या जाती दहा हजारांहूनही अधिक आहेत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ‘नीलवंत’ या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. पतंगांच्या वाट्याला असा मान आलेला नाही. त्यांतील बहुतेकांना आपल्या भाषेत नावेसुद्धा नाहीत.

फुलपाखरू व पतंग यांतील भेद सांगताना ‘फुलपाखरू दिवसा उडते व पतंग रात्री, फुलपाखरू रंगीत व पतंग मळकट’ असे सांगण्याचा प्रघात आहे. आपल्या माळावरील पतंगाने ही दोन्ही लक्षणे खोटी ठरविली आहेत. तो भरदिवसा उडतो, आणि रात्री दिव्यावरही येतो. रंगाच्या बाबतीत तर त्याने पुष्कळ फुलपाखरांना मागे टाकले आहे. म्हणून अधिक खात्रीचे लक्षण हवे असेल, तर त्याच्या डोक्यावरील शृंगिका, म्हणजेच मिशा, पाहाव्यात. फुलपाखराच्या शृंगिकेच्या टोकाला काडेपेटीतील काडीप्रमाणे एक गाठ असते. पतंगाच्या शृंगिका दोऱ्यासारख्या निमुळत्या किंवा पिसासारख्या असतात. त्यांना टोकाला गाठ नसते. या पतंगाच्या शृंगिका दोऱ्यासारख्या आहेत. बसण्याची तऱ्हाही पाहावी. विसावलेले फुलपाखरू पुष्कळदा पंख पाठीवर उभे मिटते. हा मात्र ते अंगाभोवती लपेटून घेतो.

स्वीडनमधील थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली या पतंगाला शास्त्रीय नाव दिले. ‘पुल्केला’ हा त्या नावातील शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘चिमुकली सुंदर’ असा होतो. आज त्याचे पूर्ण नाव ‘युटेथायझा पुल्केला’ असे आहे. आफ्रिका, दक्षिण युरोप आणि आपला देश धरून आशियाचा मोठा भाग एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात तो आढळतो. त्याचे पंख नाजूक दिसले, तरी तो लांब पल्ल्याचा प्रवासी आहे. भूमध्य समुद्राकडील उष्ण प्रदेशातून निघून काही पतंग समुद्र ओलांडून इंग्लंडपर्यंत जाऊन पोहोचल्याच्या नोंदी आहेत. भारतातील पतंगांचे पहिले मोठे सूत्रबद्ध वर्णन हॅम्प्सन या इंग्रज अभ्यासकाने १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केले. आजही पतंगांच्या अभ्यासकाला ते खंड उघडावे लागतात.

माळावर याच्याशी गल्लत होईल असे दुसरेही पतंग आहेत. एक आहे नारिंगी रंगाचा; त्याच्या पंखांवर काळे ठिपके असतात व प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे असते. तोही खुळखुळ्याच्याच आश्रयाने राहतो, पण पांढऱ्या व नारिंगी रंगांत चूक होण्याचे कारण नाही. दुसरा, काळ्या पंखांत काचेसारखे झरोके असलेला व पोटावर पिवळे पट्टे मिरविणारा. तो उडू लागला म्हणजे गांधीलमाशीच वाटते. खरी अडचण होते ती एका तिसऱ्यामुळे. पण त्याच्याकडे आपण शेवटी वळू.

आता या पतंगाची खरी ओळख करून घ्यावयाची, तर आधी खुळखुळ्याची ओळख करून घेतली पाहिजे. कारण या कीटकाचे अन्न, त्याचे घर, त्याचे शस्त्र आणि त्याची वेशभूषा या सर्वांचे मूळ त्या एका झुडुपात आहे. खुळखुळा ही वाटाणा, हरभरा, तूर यांच्याच कुळातील वनस्पती. तिला पिवळी फुले येतात आणि त्यांच्या जागी फुगीर शेंगा धरतात. शेंग वाळली, की आतील बिया सुट्या होतात व शेंग हलविताच खुळखुळ वाजतात. खेड्यातील मुले त्या शेंगांचा खुळखुळाच करतात. गंमत अशी, की या वनस्पतींच्या शास्त्रीय नावाच्या मुळाशीही ‘खुळखुळणारे वाद्य’ याच अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ग्रीस देशातील माणसाच्या व आपल्या कानांना एकच आवाज ऐकू आला! आणखी एक योगायोग सांगावासा वाटतो. या कुळातील फुलांच्या पाकळ्यांची रचना पंख पसरलेल्या कीटकासारखी असते, म्हणून आपल्या वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत अशा फुलाला ‘पतंगरूप’ असे म्हणतात. पतंगरूप फुलांच्या झुडुपावर खराच पतंग नांदतो आहे.

आपले शेतकरी ज्याला ताग किंवा बोरू म्हणतात आणि ज्याचे हिरवळीचे खत करतात किंवा ज्याच्या सालीच्या दोऱ्या वळतात, ते पीकही खुळखुळ्याचे सख्खे भावंड आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

मादी खुळखुळ्याच्या पानांवर, बहुधा पानाच्या खालच्या अंगाला, फिकट पिवळसर, वाटोळी अंडी घालते. खसखशीचा दाणा डोळ्यांपुढे आणला, की त्यांच्या आकाराची कल्पना येईल. थोड्याच दिवसांत अंडी फुटून त्यांतून दोऱ्याच्या तुकड्याएवढे सुरवंट बाहेर पडतात. प्रथम ते पानाचा कोवळा गर खरवडून खातात. पानाला भोक न पडता ते जाळीदार झालेले दिसले, तर तेथे हे बाळसुरवंट असण्याचा संभव असतो. सुरवंटाची त्वचा त्याच्या वाढीबरोबर वाढत नाही. ती अपुरी पडू लागली, की तो कात टाकतो आणि आत तयार झालेला नवा, सैल अंगरखा घालून बाहेर येतो. असे त्याच्या आयुष्यात चार-पाच वेळा घडते.

पुरा वाढलेला सुरवंट पाहण्यासारखा असतो. अंग काळपट राखी. पाठीच्या मध्यावरून गेलेली पांढरी रेघ. शरीराच्या प्रत्येक वळ्यावर नारिंगी-लाल खुणा. आणि सर्वांगावर विरळ, करड्या केसांचे झुबके. तो स्वतःला लपविण्याचा मुळीच प्रयत्न करीत नाही. झुडुपाला शेंगा धरल्या, की तो पानांवरून शेंगांकडे वळतो, शेंगेला भोक पाडून आत शिरतो व कोवळ्या बिया खातो. शेंग बाहेरून चांगली दिसते. तिच्यावर एक वाटोळे छिद्र मात्र असते. वाळल्यावर ती वाजत नाही, कारण वाजावयास आत काही उरलेलेच नसते.

दोन-तीन आठवड्यांत सुरवंटाची भूक संपते. तो झाड सोडून खाली उतरतो. गळलेल्या पानांच्या थरात, गवताच्या बुडख्याशी किंवा भुसभुशीत मातीत तो स्वतःभोवती रेशमाचे विरळ वेष्टन विणतो आणि त्यात तांबूस तपकिरी, चकचकीत कोश होऊन पडून राहतो. न हालणारे, न खाणारे हे रूप वरून मेल्यासारखे वाटते. पण आत सुरवंटाच्या देहाची मोडतोड होऊन त्यातून पंख, लांब पाय आणि मध शोषण्याची सोंड यांची जुळणी चाललेली असते. हवा उबदार असेल, तर आठ-दहा दिवसांतच कोश उकलतो. बाहेर आलेल्या पतंगाचे पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले असतात. तो एखाद्या काडीवर चढतो, पंखांच्या शिरांत द्रव भरतो, आणि पाहता पाहता कुंकवाच्या व काजळाच्या ठिपक्यांच्या ओळी उलगडत जातात. अंड्यापासून येथवरचा प्रवास उबदार दिवसांत सुमारे एका महिन्यात पुरा होतो. थंडीत त्याला अधिक काळ लागतो.

येथे एक प्रश्न सहजच मनात येतो. माळावर पक्षी आहेत, सरडे आहेत, कोळी आहेत. असे असता हा इवलासा जीव अंगावर एवढे भडक रंग मिरवीत भरदिवसा हिंडतो कसा? टोळ हिरवा असतो, नाकतोडा काडीसारखा दिसतो. मग यालाच लपण्याची गरज का पडू नये?

उत्तर खुळखुळ्यात आहे. या झुडुपाच्या पानांत, आणि त्याहूनही अधिक त्याच्या बियांत, कडू व विषारी द्रव्ये असतात. ‘पायरोलिझिडिन अल्कलॉइडे’ असे त्यांचे नाव आहे. गुराढोरांच्या आणि माणसांच्या यकृतावर त्यांचा घातक परिणाम होतो. १९७०च्या दशकात त्या वेळच्या मध्य प्रदेशातील व आताच्या छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात पोट फुगून व यकृत निकामी होऊन अनेक माणसे आजारी पडली आणि काही दगावली. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या रोजच्या खाण्यातील कुटकीसारख्या धान्यात खुळखुळ्याच्या एका रानटी जातीच्या बिया मिसळल्या गेल्या होत्या. धान्य निवडणाऱ्या हाताला त्या बिया परक्या वाटल्या असत्या, तर ते संकट टळले असते. म्हणून मुलांनी शेंगा वाजवाव्यात, पण बिया कधीही तोंडात घालू नयेत.

जे विष बैलाला लोळविते, ते हा सुरवंट पचवितो. एवढेच नव्हे, तर साठवून ठेवतो. या कुळातील सुरवंटांच्या शरीरात एक विशेष प्रकारचा विकर असतो. तो त्या विषाचे असे रूपांतर करतो, की सुरवंटाला स्वतःला त्याची बाधा होत नाही. सुरवंटाने साठविलेले विष कोशात उतरते, कोशातून पतंगात येते. या वंशातील पतंगाला चिमटीत धरले, तर त्याच्या मानेजवळून फेसाळ द्रव बाहेर येतो; त्यातही ते असते. एकदा का एखाद्या पाखराने असला कडू घास तोंडात घेऊन थुंकून टाकला, की पुढे लाल-काळ्या ठिपक्यांचा पांढरा किडा दिसताच ते मान फिरविते. तेव्हा हे ठिपके म्हणजे नटवेपणा नव्हे. ती पाटी आहे. रुईवर वाढणाऱ्या ‘बिबळ्या कडवा’ या फुलपाखराची कथाही अशीच आहे. त्याच्या मराठी नावातच कडूपणाची नोंद आहे.

याच वंशातील एक पतंग अमेरिकेत आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉमस आयझनर या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. फ्लॉरिडा प्रांतात त्याला असे दिसले, की हा पतंग कोळ्याच्या मोठ्या जाळ्यात अडकला, तर धडपडत नाही. स्वस्थ पडून राहतो. कोळी धावत येतो, त्याला चाचपतो आणि मग एकेक धागा कापून त्याला मोकळा करून देतो! पतंग खाली पडता पडता पंख पसरतो आणि उडून जातो. आता कोळी विषाला भितो, की त्याला मुळातच या पतंगाची चव नको असते? हे ठरविण्यासाठी आयझनरने काही सुरवंट खुळखुळ्याऐवजी विष नसलेल्या अन्नावर वाढविले. त्यांचे पतंगही दिसावयास तसेच झाले. रंगात उणे काही नव्हते. पण हे पतंग जाळ्यात पडताच कोळ्याने ते खाऊन टाकले. रंग पाहून नव्हे, तर चव घेऊन कोळी निर्णय करतो, हे त्यावरून सिद्ध झाले. एका साध्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर मिळविणारा प्रयोग क्वचितच वाचावयास मिळतो.

त्याच अभ्यासातून आणखी एक नवल उघडकीस आले. विवाहात वरपक्षाकडून आहेर यावा, त्याप्रमाणे मीलनाच्या वेळी नर आपल्या विषाचा वाटा मादीला देतो. हा आहेर लहानसहान नसतो. त्याचे वजन नराच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश असते. मादी आपल्याजवळचे व नराकडून मिळालेले विष अंड्यांत उतरविते. मग मुंग्या किंवा ढालकिडे त्या अंड्यांच्या वाटेस फारसे जात नाहीत. जन्मण्यापूर्वीच मुलांच्या अंगावर चिलखत चढविणारे हे मातापिता मुलांचे तोंड मात्र कधी पाहत नाहीत.

हे वाचून कोणाला वाटेल, की अशा सुरक्षित जिवाला मरण नाहीच. तसे नाही. काही माश्या व चिमुकल्या गांधीलमाश्या सुरवंटांच्या अंगात आपली अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या सुरवंटाला आतून खाऊन टाकतात. पण पतंगाला सर्वांत मोठा धोका आहे तो माणसाकडून, आणि माणसाचीही त्यात एक बाजू आहे.

मी ज्या गावी मुख्याध्यापक होतो, तेथील एक शेतकरी एके दिवशी तागाचा एक मोठा झुबका घेऊन शाळेत आला. पाने खाल्लेली, शेंगांना भोके, आणि त्यांवर आठ-दहा सुरवंट. तो म्हणाला, “गुरुजी, बघा काय दशा केली ती. औषध मारू का?” उत्तर देण्याऐवजी सातवीच्या मुलांना घेऊन मी त्याच्या शेतावर गेलो. ताग दोन ठिकाणी होता. ओढ्याकडील वाफ्यात तो उशिरा पेरलेला असून नुकताच फुलावर येऊ लागला होता. तो पुढच्याच आठवड्यात नांगरून मातीत गाडावयाचा होता. विहिरीजवळचा लहान तुकडा मात्र त्याने बियांसाठी राखला होता. मुलांनी दोन्हीकडील वीस-वीस झाडे तपासून सुरवंट मोजले आणि आकडे वहीत मांडले. सुरवंट दोन्हीकडे होते. नुकसान मात्र बियांच्या तुकड्यातच होणार होते. ते आकडे पाहून शेतकरी स्वतःच म्हणाला, “ओढ्याकडचा तर नांगराखालीच जायचा. त्याला औषध पाजून काय करू?” राहता राहिला बियांचा तुकडा. तेथे फुलांवर काळे भ्रमर घोंगावत होते. तागाच्या फुलात बी धरावयाचे, तर असल्या मोठ्या भ्रमरांनी व मधमाश्यांनी फूल दाबून उघडावे लागते. ते आले नाहीत, तर शेंगा नीट भरत नाहीत. फुलोऱ्यावर औषध मारले असते, तर सुरवंटांबरोबर बीही गेले असते. अखेर शेतकऱ्याने घरच्या माणसांना घेऊन दोन दिवस सकाळी सुरवंट काठीने डब्यात पाडून वेचले. बांधावरचा रानटी खुळखुळा त्याने तसाच राहू दिला.

या सुरवंटाला कोणी ‘तागावरील कीड’ म्हणेल, तर ते खोटे नाही. शेतीच्या पुस्तकांत त्याचे नाव त्याच सदरात असते. परंतु कीड हे त्या प्राण्याचे नाव नसून एका ठिकाणच्या व एका वेळच्या त्याच्या कामाचे नाव आहे. विहिरीजवळ तो कीड होता. त्याच दिवशी, शंभर पावलांवरील माळावर, तो कोणाचे काहीच नेत नव्हता.

माळाची कथाही थोडी अशीच आहे. ज्या जमिनीत पीक नाही, तिला आपण ‘पडीक’ म्हणतो. कागदोपत्री हा शब्द सोयीचा असेल. पण ज्याने भाद्रपदातील माळ पाहिला आहे, त्याला तो पटणार नाही. पडीक म्हणून कोठे माळ नांगरला जातो, कोठे तेथे मुरूम खणला जातो, तर कोठे चांगल्या हेतूने खड्डे घेऊन दाट झाडे लावली जातात. झाड लावणे पुण्याचे खरे. तथापि गवत, खुळखुळा आणि त्यांवर जगणारे जीव यांना सावली मानवत नाही, त्यांना मोकळे ऊन हवे असते. याखेरीज हिवाळ्याच्या अखेरीस वाळलेले गवत पेटविण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. पतंगाचे कोश नेमके त्याच पालापाचोळ्याखाली असतात. उडता येणारा जीव वणव्यापुढे पळ काढू शकेल; कोशातला पळू शकत नाही. ज्या माळाचा काही भाग तरी न जळता राहतो, तेथून पुढच्या पावसाळ्यात पतंग पुन्हा उरलेल्या माळावर पसरतात. सारा माळ एकदम पेटला, तर त्यांना येण्यासाठी दुसरा माळ जवळ असावा लागतो.

आता त्या तिसऱ्या पतंगाविषयी. ‘युटेथायझा लोट्रिक्स’ नावाचा एक पतंग आपल्या देशात आहे. त्याचे पंख तसेच पांढरे, ठिपके तसेच लाल-काळे, राहणी तशीच खुळखुळ्यावरची. या दोघांची अनेकदा गल्लत झालेली आहे, आणि निव्वळ छायाचित्र पाहून त्यांत निवड करणे जाणत्यासही कठीण जाते. निश्चित निर्णयासाठी शरीराचे सूक्ष्म अवयव भिंगाखाली तपासावे लागतात. तेव्हा तुम्हांला हा पतंग दिसला, तर वहीत कसे लिहावे? प्रथम दिनांक, वेळ व स्थळ लिहावे. तो कोणत्या झुडुपावर किंवा गवतावर होता, ते लिहावे. झुडुपाला पाने, फुले, शेंगा यांपैकी काय होते, अंडी किंवा सुरवंट दिसले काय, तेही लिहावे. ठिपक्यांचे चित्र, जसे दिसले तसे, काढावे. मनाने भर घालू नये. आणि नावाच्या रकान्यात ‘युटेथायझा’ एवढेच लिहून पुढची जागा कोरी ठेवावी.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) फुलपाखरू व पतंग यांतील कोणते भेद लेखकाला अधिक खात्रीचे वाटतात?
(आ) ‘खुळखुळा’ हे नाव त्या झुडुपाला कशावरून पडले?
(इ) सुरवंटाने पोखरलेली शेंग कशी ओळखावी?

२. आयझनरने काही सुरवंट विष नसलेल्या अन्नावर का वाढविले? त्यावरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?

३. ‘कीड हे त्या प्राण्याचे नाव नसून एका ठिकाणच्या व एका वेळच्या त्याच्या कामाचे नाव आहे.’ शेतकऱ्याच्या प्रसंगाच्या आधारे या विधानाचे स्पष्टीकरण करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : न्याहाळणे, प्रघात, मान फिरविणे, कागदोपत्री.

५. ‘पतंग’, ‘बोरू’, ‘कोश’, ‘वाफा’ या शब्दांचे निरनिराळे अर्थ शोधून लिहा.

६. उपक्रम : गावाजवळील माळावर किंवा बांधावर खुळखुळ्याचे एक झुडूप निवडा. महिनाभर दर चार दिवसांनी त्याची पाहणी करून पाने, फुले, शेंगा व त्यांवर आढळलेले जीव यांची नोंद ठेवा. सुरवंटाला उघड्या हाताने स्पर्श करू नका. त्याच्या केसांमुळे खाज सुटण्याचा संभव असतो. घरी आल्यावर हात धुवा.